ओबरफेल्डच्या सुमनमावशी

सुमनमावशींना "कशा आहात?" असं सहज विचारायची सोय नव्हती. त्या खरं उत्तर द्यायच्या. गुडघ्यापासून सुरुवात व्हायची, मग रात्रीची झोप, मग कोलोनच्या लेकीचा फोन, फोनवर लेकीनं काय ऐकवलं आणि मावशींनी तिला काय ऐकवलं. हे सगळं जिन्यात उभ्यानं, आणि माझी एका पायात बूट चढवून एश्बॉर्नची एस-बान लोकल गाठायची धडपड चाललेली. शेवटी त्याच वैतागायच्या. "पळ आता, गाडी चुकेल तुझी. वेळ नसताना विचारतेस कशाला गं?"

बरं, त्यांनी विचारलं आणि आपण "मी बरी आहे" म्हटलं, तरी सुटका नसे. त्या मनगट धरायच्या. बोलता बोलता समोरच्याची नाडी बघायची ही त्यांची सवय अख्ख्या गावाला ठाऊक होती. पोस्टमन पार्सल द्यायच्या आधी हात पुढे करायचा. "तोंड म्हणतंय बरी आहे, नाडी म्हणतीय उपाशी आहे. काय खाल्लंस सकाळपासनं?"

मावशी मूळच्या मिरजेच्या. तरुणपणी नर्सिंग शिकून फ्रँकफर्टच्या एका इस्पितळात आल्या, थोडे दिवस नोकरी करून परत जायचं म्हणून. तिथं होर्स्ट वेबर नावाचा पेशंट भेटला. "त्याचं अपेंडिक्स काढलं, आणि त्या रिकाम्या जागी मी जाऊन बसले," असं त्या लग्नाचं वर्णन करायच्या. आम्ही त्यांना ओळखायला लागलो तेव्हा होर्स्टकाका नव्हते. त्यांचा हिरवा पार्का, टोपीवालं जाड जाकीट, मात्र होता. थंडीत मावशी तो घालायच्या, खाली ट्रॅकपँट, कपाळावर टिकली, आणि डोक्यावर पांढरेशुभ्र आखूड केस. अशा थाटात त्या रस्त्यानं निघाल्या की दोन्ही फुटपाथांवरून "आय गुडे, फ्राऊ वेबर!" असा इकडचा गावठी नमस्कार यायचा, आणि त्याही तितक्याच मोठ्यानं "आय गुडे!" ओरडायच्या.

त्यांचं मराठी त्या आल्या त्या दिवशी थांबलं होतं. सिनेमाला बोलपट आणि ट्रेनला आगगाडी. त्यात मध्येच 'तर मग'च्या जागी "आल्झो" आणि 'अगदी बरोबर'च्या जागी "गेनाऊ". आमच्या बोलण्याला त्या हसायच्या. "तुम्ही पोरी बोलता त्यात मराठी कुठं असतं गं? 'मी मॅनेज करते', 'मी डील करते'. नुसतं 'मी' आणि 'करते' तेवढं आपलं."

आणि एक वाक्य नेहमीचं. कुणी काही सांगायला चाचरलं की म्हणायच्या, "बोल की. मी भीड मिरज स्टेशनावर ठेवून आले ती आले. परत न्यायला गेलेच नाही." हे वाक्य पूर्ण खरं नव्हतं. पण ते आम्हाला फार पुढे कळलं.

आमची ओळख घराच्या शोधात झाली. फ्रँकफर्टच्या आसपास ज्यानं भाड्यानं घर शोधलंय त्याला ते सांगायला नको. एका फ्लॅटसाठी जिन्यापासून फाटकापर्यंत रांग, हातात पगाराच्या स्लिपा, चेहऱ्यावर बळंच हसू. मी सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले आणि पदवी घेऊनच उतरले, हे मी कधी लपवलेलं नाही आणि त्याची फुशारकी मारायलाही लाजत नाही. पण त्या रांगांमध्ये पदवीला कुणी विचारत नव्हतं. वेबर आडनाव बघून मी अर्ज केला आणि दारात टिकली लावलेली बाई दिसली तेव्हा माझा नवरा अमोल माझ्याकडे आणि मी अमोलकडे बघत राहिलो.

"मराठी?" त्या म्हणाल्या. "या. स्लिपा ठेवा खिशात. भाकरी येते का?"

"येते," मी म्हटलं.

"कर बघू."

घर बघायला आलेली मी, कोट काढून परातीत पीठ मळायला लागले. आमची लेक ओवी तेव्हा कडेवर होती. ती मावशींनी घेतली. माझी पहिली भाकरी थापतानाच चिरली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. गेली कित्येक वर्षं मी ती केलीच नव्हती, हे माझ्या तोंडावर दिसत असणार. अमोल बाह्या वर करून म्हणाला, "सरक." त्याची आई शेतावर जायची, भाकऱ्या तो थापायचा. त्याची भाकरी टम्म फुगली.

मावशींनी ती फुंकर मारत मोडली, मीठ-तेल लावून खाल्ली आणि म्हणाल्या, "आल्झो. वरचा माळा जावईबापूंना दिला. तू त्यांच्याबरोबर राहा, माझी हरकत नाही."

तेव्हापासून अमोल त्या घरात जावईबापू झाला. माळ्यावर दोन खोल्या, छप्पर उतरतं, त्यामुळे पलंगावरून उठताना रोज एकदा डोकं आपटायचं. पण भाडं वाजवी, आणि खाली मावशी.

शेजारी हेर बेकर. निवृत्त शाळामास्तर, उंच, सडसडीत, कायम इस्त्रीचा शर्ट. मावशींचं आणि त्यांचं कुंपणाच्या झुडपांवरून भांडण होतं. नियमाप्रमाणे झुडपं किती वाढू द्यायची हे ठरलेलं असतं इथं. दर वसंतात बेकर घडीची लाकडी मोजपट्टी घेऊन यायचे, झुडपाला लावायचे आणि म्हणायचे, "फ्राऊ वेबर, यंदाही जास्त आहे."

"हेर बेकर, झुडपं तेवढीच आहेत. तुम्ही खचत चाललात."

मग ते स्वतःच्या बाजूनं कापायचे, या आपल्या बाजूनं कापायच्या नाहीत, आणि झुडूप वर्षभर एका बाजूनं न्हाव्याकडे जाऊन आल्यासारखं दिसायचं. हेच बेकर त्यांची बायको आजारी होती तेव्हा रोज सकाळी कुंपणाशी येऊन उभे राहायचे आणि मावशी इंजेक्शनचा डबा घेऊन निघायच्या. हे मला बेकरांनी सांगितलं. मावशींनी त्याबद्दल एकदाच तोंड उघडलं, तेही एवढंच म्हणायला, की "बाई फार चांगली होती, नवरा जरा मास्तर आहे."

घरामागे ओबरफेल्ड. म्हणायला फेल्ड म्हणजे शेत, पण शेती कुणी करत नव्हतं. वरच्या अंगाला सफरचंदाची जुनी झाडं, खालच्या अंगाला गावातल्या लोकांना भाड्यानं दिलेले बागेचे तुकडे. जमीन नगरपालिकेची. त्यातला एक तुकडा मावशींचा. बाकीचे लोक 'गार्टन' म्हणायचे, मावशी 'मळा' म्हणायच्या. होर्स्टकाकांनी लावलेली करवंदासारख्या आंबट फळांची झुडपं, त्यांनीच ठोकलेलं एक बाकडं, आणि बाकी सगळं मिरजेचं: मेथी, कोथिंबीर, आंबट चुका, आणि प्लास्टिकच्या छपराखाली अळू. अळूचे कंद त्या थंडीआधी उकरून तळघरात वाळूत ठेवायच्या आणि उन्हाळा लागला की परत लावायच्या. फ्रँकफर्टपासून इकडे राहणारी सगळी मराठी मंडळी उन्हाळ्यात कधी ना कधी मावशींकडे यायची ती अळूवडीसाठी. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या अळूवडीनं केला.

झालं असं. इथं देशभर घरं कमी पडतात, म्हणून वरच्या सरकारनं ठरवलं की घरं बांधा. राज्य सरकारनं ते खाली सरकवलं. असा सरकत सरकत तो घरांचा आकडा आमच्या गावाच्या नगरपालिकेवर येऊन पडला, आणि नगरपालिकेकडे मोकळी जागा एकच, ओबरफेल्ड. इथं असं काही करायचं तर आधी रहिवाशांना विचारतात. त्याला 'ब्युर्गरबेटायलिगुंग' म्हणतात. मावशी म्हणाल्या, "नाव एवढं लांब, की म्हणून होईस्तोवर माणूस मत विसरतं."

आठवड्याभरात बेकरांनी गावभर पाट्या लावल्या: 'ओबरफेल्ड आहे तसं राहू द्या'. त्यांचाही तिथं एक तुकडा होता, वरच्या अंगाला. एक पाटी ते मावशींच्या फाटकाला लावायला आले.

"इथं नको," मावशी म्हणाल्या.

"पण फ्राऊ वेबर, तुमची बाग तर सगळ्यात आधी जाईल."

"रंग चांगला नाही पाटीचा," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या.

आम्ही वरून ऐकत होतो. आम्हाला वाटलं, मावशींना इतकं लागलंय की त्यांना बोलवतही नाही. नंतर त्या संध्याकाळी मळ्यात एकट्या बाकड्यावर बसलेल्या दिसल्या. अमोल म्हणाला, "बघ ना गं. काकांचं बाकडं आहे."

आता आमची गोष्ट. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. त्या दोन खोल्यांत चौथं माणूस मावणार नव्हतं, हे उघड होतं. गावात राहायचं तर ओबरफेल्डवर होणाऱ्या घरांशिवाय आशा नव्हती, आणि गाव सोडायचं तर ओवीचा किंडरगार्टन, माझी नोकरी, सगळंच मोडायचं. पण हे मावशींना कसं सांगणार? घर लहान पडतं म्हणावं तर त्यांच्याच माळ्याला नावं ठेवल्यासारखं. नवी घरं हवीत म्हणावं तर त्यांचा मळा मागितल्यासारखं. म्हणून बाळाचंही आम्ही सांगितलं नव्हतं. आमचे मित्र संदीप आणि प्राची यांचीही घराची अडचण तीच. एका खोलीत संसार, मावशींकडे दर उन्हाळ्यात ताटभर अळूवड्या. प्राची म्हणाली, "वैशाली, ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांच्याच मळ्यावर कुदळ मारा असं कसं म्हणायचं गं?"

सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं, टेबलांवर तपकिरी कागद, जाड पेनं, खारट ब्रेत्सेल-पाव आणि पाण्याच्या बाटल्या. नगरपालिकेच्या नियोजन खात्याच्या फ्राऊ लोरेंट्स, तरुण आणि घामाघूम, सगळ्यांना टेबलं वाटत होत्या. मावशींनी जाता जाता त्यांचं मनगट धरलं. "जलद आहे. बसून घ्या जरा, गाव कुठं पळत नाही."

पद्धत अशी की प्रत्येक टेबलानं आपसांत बोलायचं आणि शेवटी एकानं उभं राहून त्या टेबलाचं मत सांगायचं. मावशी बेकरांच्या टेबलावर गेल्या, जुन्या घरमालकांत. आम्ही मराठी मंडळी एका टेबलावर बसलो. बोलणं फार झालंच नाही. संदीप म्हणाला, "मग काय लिहायचं?" सगळ्यांनी एकदा मावशींच्या पाठीकडे बघितलं. अमोलनं पेन घेतलं.

आमची पाळी आली तेव्हा तो उठला आणि शिकवणीच्या जर्मनमध्ये म्हणाला, "आमच्या टेबलाचं मत असं आहे, की बागा राहाव्यात. म्हाताऱ्या माणसांसाठी बागा फार महत्त्वाच्या आहेत. आमची काही मागणी नाही."

बेकरांच्या टेबलावरचे लोक खुशीनं टेबलावर बोटं ठोकायला लागले. इथं पसंतीची ती रीत. ठोकत नव्हत्या त्या एकट्या मावशी. त्या वळून आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचं तोंड असं झालं होतं जसं नर्सनं औषध दिलं आणि पेशंटनं ते तिच्यासमोर कुंडीत ओतलं.

पुढचं टेबल त्यांचं. बेकर उठायच्या आत मावशी उठल्या.

"या टेबलावर बाकी सगळे म्हणतात बांधू नका. ते तुम्हाला पाट्यांवरून कळलंच आहे, परत कशाला ऐकता? मी म्हणते, बांधा. खालच्या अंगानं सुरू करा, तिथं पाणी आणि रस्ता दोन्ही जवळ आहे. खालच्या अंगाला पहिली बाग माझी आहे. त्यावर बांधा."

मग त्या जर्मन सोडून, व्यायामशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाल्या, "आणि तुम्ही! घरी या. एकेकाची नाडी बघते."

शब्द आम्हा चौघांनाच कळले. अर्थ सगळ्यांना कळला. फ्राऊ लोरेंट्स हातातले कागद वरखाली करत म्हणाल्या, "माफ करा, म्हणजे ज्यांना घरं नाहीत त्यांना घरं नको आहेत आणि ज्यांची बाग जाणार त्यांना हवी आहेत?"

हेर बेकर माझ्याकडे वाकले आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "तुम्ही एकाच घरात राहता ना? मग एकमेकांना विचारत का नाही?"

मी ब्रेत्सेलवरचं मीठ नखानं काढत बसले.

घरी मावशींच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं ओळीनं उभे. ओवी टेबलाखाली. मावशींनी चहा टाकला नाही, यावरून प्रकरण केवढं आहे ते कळलं.

"जावईबापू, मागणी काही नाही म्हणे! वा! वरती डोकं आपटून आपटून मेंदू सपाट झाला व्हय?"

"मावशी, तुमचा मळा..." अमोल म्हणाला.

"माझा मळा! मी काय त्यात पुरून घेणार आहे? आणि हिचं दुसरं लेकरू कुठं झोपणार? कपाटात?"

प्राची माझ्याकडे बघायला लागली, तिलाही माहीत नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"चाळीस बाळंतपणं एका महिन्यात केलेली बाई आहे मी. रोज सकाळी जिन्यात तोंड दाबून पळतेस, मनगट माझ्या हातात असतं, आणि कुणी सांगितलं म्हणे! मी वाट बघत होते तू कधी सांगतेस. नाही सांगितलंस. मग मी म्हटलं, राहू दे, पोरीला घर पाहिजे ते आपण बोलून टाकू."

"मग मला विचारायचंत तरी," मी म्हटलं. रडू येत होतं आणि रागही. "तुम्ही तर भीड ठेवत नाही ना कुणाची?"

मावशी खुर्चीवर बसल्या. पार्काची चेन खालीवर करत राहिल्या. "विचारणार होते. पण घराचं काढलं की तुला वाटेल, म्हातारी जा म्हणतीय. तुम्ही जायला नको होतात मला." मग एकदम उठून त्यांनी चहाचं भांडं ठेवलं आणि आवाज चढवला. "पण ते जाऊ द्या. पुढच्या सभेला तोंडं उघडायची. तोवर या घरात अळूवडी बंद. तुम्हाला इथं मत नाही, निवडणुकीला कुणी विचारत नाही. तोंड तरी आहे ना? आणि तू गं, तुझा बाप मागावर उभा राहिला तुला शिकवायला, आणि तू भर सभेत पेन नवऱ्याच्या हातात देतेस?"

ते शेवटचं मला फार लागलं. लागावं म्हणूनच त्यांनी म्हटलं होतं.

टेबलाखालून ओवी जर्मनमध्ये म्हणाली, "मला बाळ येणार आहे?" बाळाची बातमी तिला अशी कळली.

मधल्या दिवसांत मावशींनी बेकरांनाही सोडलं नाही. कुंपणाशी मी स्वतः ऐकलंय.

"हेर बेकर, तुमची उलरिके कुठं असते हल्ली?"

"गीसनला. तुम्हाला माहीत आहे."

"लांब आहे, नाही? नातवंडं कधी येतात?"

"ईस्टरला येतात. कधी कधी."

"इथं का नाही राहत ती?"

बेकरांनी मोजपट्टीची घडी घातली. "इथं घर कुठं मिळतं," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच जरा वेळ झुडपाकडे बघत उभे राहिले.

दुसरी सभा मोठी झाली. मावशी पहिल्या रांगेत, हात मांडीवर, डोळे मिटून. प्राची बोलली. संदीप बोलला, त्याचं जर्मन मध्येच संपलं तर इंग्रजीत पुढे बोलला. गावात काम करणाऱ्या दोन नर्स, ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो, त्या उठून म्हणाल्या की आम्ही पहाटे दोन गाड्या बदलून इथल्या म्हाताऱ्यांच्या सेवेला येतो, गावात खोली मिळत नाही म्हणून. त्यांना कुणी आणलं होतं ते सांगायला नको. अमोल म्हणाला, "मागच्या वेळी मी आमची मागणी नाही म्हणालो. ते खोटं होतं." लोक हसले, पण चांगलं हसले.

मी शेवटी उठले. माझी व्याकरणाची भीती तोपर्यंत मेली होती. एवढंच म्हणाले, की मी अशा घरात वाढले जिथं एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि आजारपण व्हायचं. त्यातूनच इथवर आले. मुलांना वाढवायला मला महाल नको, एक दार जास्त हवं. मग मी बसले. मावशींनी डोळे न उघडता मागे हात केला. मला वाटलं शाबासकी. त्यांनी मनगट धरलं, आणि जरा वेळानं सोडून दिलं. "जलद आहे. उतरेल," म्हणाल्या.

बेकर बोलायला उठले तेव्हा सभा शांत झाली. त्यांनी पाटीवरचं वाक्य म्हटलं नाही. वरची सफरचंदाची झाडं ठेवा, ती शंभर वर्षांत परत होत नाहीत. खाली काय करायचं ते करा, एवढंच म्हणाले. खाली बसताना मावशींकडे बघितलं नाही.

नगरपालिकेनं शेवटी तेच केलं. वरचं अंग तसंच, खालच्या अंगाला घरं. बेकरांची बाग राहिली, मावशींची गेली. गावात याची फार चेष्टा झाली. मळा रिकामा करायचा दिवस आला तेव्हा आम्ही सगळे गेलो. मावशी एकदाही हळव्या झाल्या नाहीत; कामाला लावून लावून आमची पाठ मोडली. बाकडं बेकर आणि अमोल उचलून घेऊन गेले. चहाच्या वेळी बेकर घसा खाकरून म्हणाले, "फ्राऊ वेबर, माझी बाग मला एकट्याला जास्त होते. अर्धी तुम्ही घ्या."

"अर्धी म्हणजे कुठली अर्धी? उन्हाची का सावलीची?"

"उन्हाची."

"मोजून द्या."

दुसऱ्याच दिवशी दोघं मोजपट्टी घेऊन वरच्या बागेत भांडत होते. उन्हाळ्यात तिथं दोरी बांधलेली दिसली. एका बाजूला बेकरांचे बटाटे, एका बाजूला मेथी. अळूला मात्र ते दचकून होते. मावशींनी त्यांना पहिली वडी खायला घातली त्या दिवशी त्यांनी दोरी स्वतः हात-दीड हात आपल्या बाजूला सरकवली, आणि मावशींनी ती परत होती तिथं नेली. "मास्तर, उपकार नकोत. भांडायला काहीतरी राहू द्या."

पण बांधकाम व्हायला वर्षं लागतात. आमचा धाकटा माळ्यावरच जन्मला, माळ्यावरच रांगला, आणि त्याचा पाळणा मावशींनी त्यांच्या खालच्या खोलीत ठेवून घेतला. "कपाटापेक्षा बरं," म्हणाल्या. त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढत गेलं. कोलोनची लेक दर रविवारी फोनवर यायला सांगायची आणि मावशी दर रविवारी नाही म्हणायच्या. मग एकदा जिन्यात पडल्या, आणि पुढच्या रविवारी हो म्हणाल्या. त्या वसंतात त्या कोलोनला गेल्या. आम्हाला नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या त्याआधीच तिथं, झोपेत, गेल्या. लेकीनं फोन केला तेव्हा मी ऑफिसात होते. फोन ठेवून मी उठले आणि पाणी प्यायले, आणि शेजारचा जर्मन सहकारी म्हणाला, सगळं ठीक? मी ठीक नाही म्हणून सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. त्यानं खुर्ची ओढून ऐकलं.

मला मात्र मावशी दिसतात त्या कोलोनला जायच्या आधीच्या शनिवारच्या. छपराचा सांगाडा उभा राहिला की इथं सण करतात. कारागीर वर चढतो, घरासाठी चार ओळी म्हणतो, ग्लास रिकामा करून खाली फोडतो, आणि मग सगळ्यांना सॉसेज आणि बिअर. ज्यांना घरं मिळणार होती त्यांना बोलावलं होतं. मावशींना कुणी बोलावलं नव्हतं, त्या आल्या. ग्लास फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मावशी मला म्हणाल्या, "तुझं कुठलं?"

"पहिला मजला, डावीकडचं. पण मावशी, जिना कच्चा आहे, कठडा नाहीये."

"जावईबापू कशाला आहेत?"

एका बाजूनं अमोल, दुसऱ्या बाजूनं बेकर, मध्ये पार्का. साइटवरचा माणूस नको नको म्हणत मागे आला. मावशींनी त्यालाच मागून ढकलायला लावलं. वर काही नव्हतं. सिमेंटचा वास, भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी, खिडक्यांच्या जागी चौकोनी भोकं. मावशी एकेका खोलीत गेल्या. "हे काय? न्हाणीघर? लहान आहे. हे? पोरांची खोली. चांगली आहे." मोठ्या खोलीत आल्यावर त्यांनी भोकातून बाहेर बघितलं. समोर त्यांचं घर, आमचा माळा. त्यांनी वाकून खाली बघितलं, उजवीकडं बघितलं, मनाशी काहीतरी जुळवलं आणि टाचेनं जमीन दाबली.

"माझा मळा हा इथं खाली होता. तुझ्या बैठकीखाली."

मी म्हटलं, "मावशी..."

"काय मावशी मावशी? लेकरं फिरू देत इथनं." तिथं रंगाची एक बादली पालथी पडली होती, त्या तिच्यावर बसल्या. धाकटा त्यांच्या पार्काला धरून उभा राहिला. खाली अजून गाणी चालली होती. जरा वेळानं त्या उठल्या, खिडकीच्या भोकाशी गेल्या, बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात बाहेर काढून तसाच धरून ठेवला.

"वारं येतं गं," त्या म्हणाल्या. "चांगलं येतं. कपडे वाळतील हितं."